स्कोलीन: मिनिटभरात काम करणाऱ्या औषधाचा मागोवा

सक्सिनिलकोलीन, म्हणजे आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरातलं 'स्कोलीन', हे एकदा हाती येऊन निसटलेलं औषध. १९०६ साली रीड हंट आणि रेने तावो यांनी त्याचा रक्तदाबावरचा परिणाम तपासला. पण प्रयोगातल्या प्राण्यांना आधीच क्युरारे देऊन लुळं केलं होतं. स्नायू ढिले करण्याचा त्याचा गुण दिसणार कसा? तो १९४९मध्ये डॅनियल बोवे यांना दिसला आणि १९५१पासून औषध रुग्णांना मिळू लागलं. मिनिटभरात स्नायू सैल, श्वासनलिकेत नळी आत, आणि थोड्याच मिनिटांत परिणाम ओसरलेला. भूलतज्ज्ञाला आणखी काय हवं!

काही मुलग्यांच्या बाबतीत मात्र हेच औषध जीवघेणं ठरलं. दुशेन स्नायुविकार बहुतेकदा आईकडून मुलाकडे येतो. डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसल्यामुळे स्नायुपेशींचं आवरण तकलादू राहतं, हे १९८७मध्ये उलगडलं. स्कोलीन दिल्यावर अशा पेशींतलं पोटॅशियम भसाभस रक्तात उतरतं आणि हृदय थांबतं. खरी फसवणूक पुढेच आहे. दोन-तीन वर्षांचा असा मुलगा धडधाकट दिसतो, पोटऱ्या तर चांगल्या भरदार. किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या काही मुलांच्या आजाराचं निदान मृत्यूनंतरच झालं.

बराच काळ याची गल्लत मॅलिग्नंट हायपरथर्मियाशी, म्हणजे भुलीच्या औषधांनी ताप भडकवणाऱ्या विकाराशी, होत राहिली. तो १९६०मध्ये मेलबर्नच्या डेनबरो आणि लव्हेल यांनी मांडला. त्यांच्या तरुण रुग्णाचे दहा नातेवाईक भुलीत दगावले होते. तिथला उतारा डँट्रोलीन. इथे हृदय सावरायला आधी कॅल्शियम लागतं, म्हणून ही गल्लत महागात पडणारी.

१९९०च्या दशकात अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकावर इशारा आला: मुलांना नेहमीच्या शस्त्रक्रियेत हे नको. भूलतज्ज्ञ कुरकुरले, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. स्वरयंत्र आवळून श्वास कोंडला तर इतकं चटकन काम करणारं दुसरं काय होतं? अखेर आणीबाणीपुरती मुभा राहिली. माझ्या मते तडजोड योग्यच होती. आता रोक्युरोनियम आहे, त्याचा परिणाम उलटवणारं सुगामाडेक्स आहे. आजार आधी माहीत असेल तर भुलीचे वायूही टाळून शिरेतून प्रोपोफॉल देतात.

पण माहीत असेल तर. म्हणून मूल उशिरा चालायला लागलं असेल, सारखं पडत असेल, उठताना मांड्यांवर हात टेकत असेल किंवा आजोळी कुणाला स्नायूंचा आजार असेल, तर भूल देण्याआधी भूलतज्ज्ञांना विचारण्याची वाट न पाहता सांगा.