‘नाही’ म्हणायला शिकवणारा तास

हेडफोन लावलेत ना? बरं झालं. आजचा विषय आपल्याकडे घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

२००७ साली मी शाळेत होतो. प्रजननाचा धडा आला आणि बाई म्हणाल्या, “हा घरी वाचा.” मागच्या बाकांवर खसखस पिकली, मुली माना खाली घालून बसल्या. विषय संपला. मला वाटलं, बाई लाजल्या. खूप उशिरा कळलं की त्याच वर्षी विधिमंडळात याच विषयावर गदारोळ झाला होता.

जरा मागे जाऊया. १९८६, मद्रास. डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मराठी घरातल्या) आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी काही स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. वेल्लोरला तपासणी झाली आणि भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २००५ मध्ये केंद्राने शाळांसाठी किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला. हेतू साधा होता: वयात येणाऱ्या मुलांना शरीराची आणि एचआयव्हीची खरी माहिती वर्गातच मिळावी.

पण तक्त्यांवरची चित्रं पाहून आमदार भडकले. ‘आपल्या संस्कृतीत हे बसत नाही’ म्हणत २००७ मध्ये महाराष्ट्राने हा कार्यक्रम थांबवला. आणखीही काही राज्यांनी तेच केलं. गंमत बघा, याच मुंबईत र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून हेच उघडपणे बोलत होते. त्यांच्यावर खटले झाले, तेव्हा १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. म्हणजे भांडण जुनंच.

आता खरी मेख. समजा, तो तास झालाच असता. ‘कंडोम वापरा, नको असेल तर नाही म्हणा’ एवढं शिकवून भागलं असतं का? जिला मार खायची भीती आहे, ती ‘नाही’ म्हणणार कशी?

हा प्रश्न दक्षिण आफ्रिकेने फार मोठी किंमत मोजून विचारला. २००४ मध्ये सोवेटोतल्या गरोदर स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीदार मारतो किंवा सतत धाकात ठेवतो, अशा स्त्रियांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण जास्त दिसलं. मग पूर्व केप प्रांतात तरुण मुलामुलींसोबत ‘स्टेपिंग स्टोन्स’ हा कार्यक्रम करून पाहिला. गट करून बसायचं, प्रसंग वठवायचे, नात्यांबद्दल बोलायचं. २००८ मध्ये निकाल आला: एचआयव्हीची लागण ठळकपणे कमी झाली नाही, पण जननेंद्रियांच्या नागिणीची लागण सुमारे एक तृतीयांशाने घटली. आणि दोन वर्षांनंतरही मुलगे जोडीदाराला कमी मारत असल्याचं सांगत होते. जादू नाही झाली, पण हा फरक काही थोडाथोडका नाही.

त्याच २००८ मध्ये, बंदीच्या दुसऱ्याच वर्षी, मुंबईच्या ४५ महापालिका शाळांमध्ये ‘जेम्स’ नावाचा उपक्रम सुरू झाला. आयसीआरडब्ल्यू, कोरो आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांचा. सहावी-सातवीची मुलं खेळांतून, चर्चेतून बोलू लागली: घरकाम कुणाचं? मारणं म्हणजे प्रेम का? मुलांची मतं बदलली. वागणं बदलायला मात्र जास्त वेळ लागतो, हेही दिसलं.

मला यातून एकच कळतं. लैंगिक शिक्षण नको म्हणणाऱ्यांना तक्त्यावरची चित्रं दिसली, पण चित्राबाहेरची मुलगी दिसली नाही. फोनचा पासवर्ड मागणारा, ‘कुणाशी बोलत होतीस?’ म्हणून हात पिरगळणारा मुलगाही दिसला नाही. त्यालाही कुणी काही शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मागच्या बाकावर हसणाऱ्यांत मीही होतो, म्हणून सांगतो.

एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ आणि अठराच्या आतल्या कुणाला त्रास होत असेल तर १०९८, दोन्ही नंबर फुकट आहेत. सेव्ह करून ठेवा. आणि हा भाग त्या मित्राला पाठवा, ज्याला धाक आणि प्रेम यातला फरक अजून कुणी सांगितलेला नाही. भेटू पुढच्या भागात.