दुखणेकऱ्याचे करणारी माणसे

गावात कोणाची म्हातारी अंथरुणाला खिळली, की आळीतल्या बायका पहिल्यांदा विचारतात, "तिचं कोण करतं हो?" उत्तर येते, "सून करते," नाहीतर "धाकटी लेक आहे ना घरी, ती करते." काय करते, ते कोणी सांगत नाही, आणि सांगायची गरजही नसते. कूस बदलणे, अंग पुसणे, घास भरवणे, रात्री तीनदा उठणे, ओल्या चादरी धुणे, हे सगळे त्या एका "करते" मध्ये येऊन जाते. पण ह्या करणाऱ्याला आपल्याकडे नाव नाही. दुखणेकरी आहे, वैद्य आहे, डॉक्टर आहे, सुईण आहे. वर्षानुवर्षे उशाशी बसणारे जे घरचे माणूस, त्याला मात्र नाव नाही.

इंग्लंडातही साठ-पासष्ट वर्षांपूर्वी असे नाव रूढ नव्हते. ते कसे रूढ झाले, आणि अशा माणसाला घटकाभर विसावा मिळाला पाहिजे, त्याच्या हातात चार पैसे पडले पाहिजेत, ही गोष्ट तिथल्या सरकारच्या गळी कशी उतरली, ती हकीगत आज सांगायची आहे. हकीगत परक्या देशाची आहे खरी, पण ऐकताना आपल्याच आळीतली वाटावी अशी आहे.

पहिल्याने एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे सर्रास म्हणतात, तिकडे काय, म्हाताऱ्या आईबापांना आश्रमात टाकतात नि मोकळे होतात. असे म्हणणाऱ्यांत आपण शिक्षक मंडळीही असतो. १९४८ साली डॉ. शेल्डन यांनी वुल्व्हरहॅम्प्टन या कारखान्यांच्या शहरात घरोघर फिरून केलेली म्हाताऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत दिसले ते हेच, की आजारी म्हाताऱ्यांचे बहुतेक सगळे घरचीच माणसे करतात, आणि घरच्या माणसांतही बायको नि मुलगी. पुढे १९५७ साली पीटर टाउनसेंड यांनी लंडनच्या बेथ्नल ग्रीन या कष्टकऱ्यांच्या वस्तीबद्दल लिहिले, त्यातही लेकी आईच्या हाकेच्या अंतरावर राहून तिचे पाहताना दिसतात. सरकारने १९४८ च्या जुलैपासून औषधपाणी फुकट केले होते. डॉक्टर फुकट, इस्पितळ फुकट. पण डॉक्टर दहा मिनिटे येऊन जातो. उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटे कोणाची, हा प्रश्न त्या योजनेने विचारलाच नव्हता.

काही डॉक्टरांच्या मात्र तो ध्यानात आला. १९५७ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या साप्ताहिकात डॉ. डी लार्गी यांनी एका इस्पितळातली साधी युक्ती सांगितली आहे. म्हाताऱ्याला सहा आठवडे इस्पितळात ठेवायचे, मग सहा आठवडे घरी पाठवायचे, पुन्हा सहा आठवडे इस्पितळात. यात म्हाताऱ्याचे हातपाय चालते राहावेत हा हेतू होताच, पण घरच्यांना विसावा मिळावा हाही हेतू त्यांनी उघड लिहिला होता. कुणब्याला हे चटकन समजेल. जमीनसुद्धा आपण वर्षाआड पड टाकतो. पण ही युक्ती एखाद्या डॉक्टरच्या मर्जीवर होती. ती मागण्याचा हक्क कोणाला नव्हता.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. पहिल्या महायुद्धात त्या देशाचे लक्षावधी तरुण मारले गेले. १९२१ च्या खानेसुमारीत पुरुषांपेक्षा सतरा लाखांहून अधिक बायका जास्त भरल्या. पुष्कळ मुली बिनलग्नाच्या राहिल्या. त्यात शाळामास्तरणींची आणखी एक अडचण. लग्न केले की नोकरी सोडायची, असा पुष्कळ ठिकाणी नियम होता. तो १९४४ च्या शिक्षण कायद्याने गेला. म्हणजे ज्यांना शाळा सोडायची नव्हती त्यांनी लग्नावर पाणी सोडले. अशी बाई चाळिशी-पन्नाशीला येते, तेव्हा तिकडे आईबाप थकतात. भावाबहिणींचे संसार झालेले. मग सगळ्यांची नजर कोणाकडे वळते? "तिला काय, तिला ना पोर ना बाळ." बाई नोकरी सोडून घरी येते. पगार बंद, विम्याचे हप्ते बंद, म्हणजे पुढे तिचे स्वतःचे निवृत्तिवेतनही तोकडे. दहापंधरा वर्षांनी आईबाप जातात, तेव्हा हिचे वय झालेले असते आणि नोकरी द्यायला कोणी तयार नसतो. घर बापाच्या नावावर भाड्याचे असेल तर तेही जायचे.

मेरी वेब्स्टर ही अशीच एक. काँग्रिगेशनल पंथाच्या चर्चमध्ये ती धर्मोपदेशक होती. त्या काळी बाईने व्यासपीठावरून प्रवचन करणे तिकडेही फारसे नव्हते, तेव्हा ही काही लाजरीबुजरी बाई नव्हे. १९५४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, म्हाताऱ्या आईबापांसाठी तिने ते काम सोडले. नऊ वर्षे गेली. १९६३ साली तिने वर्तमानपत्रांना एक पत्र लिहिले. अविवाहित बायका आईबापांचे करताना कशा एकाकी पडतात, पैशाने कशा नागवल्या जातात, एवढेच त्यात होते. आणि देशभरातून बायकांची पत्रे येऊ लागली. प्रत्येकीला वाटत होते, ही अडचण आपल्या एकटीची आहे. हजारो घरांत तीच खोली, तीच खाट, नि खाटेशी तशीच एक बाई, हे पहिल्यांदाच कळून आले.

त्या पत्रांतून १९६५ साली एक संस्था उभी राहिली. तिचे नाव लांबलचक होते: अविवाहित स्त्रिया व त्यांच्यावर अवलंबून असणारे यांची राष्ट्रीय परिषद. नाव पाहा, त्यातही 'करणारी' हा शब्द नाहीच. पण काम चोख होते. १९६७ साली या बायकांना प्राप्तिकरात थोडी सवलत मिळाली. १९७१ साली ज्याला दुसऱ्याच्या हाताशिवाय उठताबसता येत नाही अशा अपंगाला सरकारी भत्ता सुरू झाला. मेरी वेब्स्टर तोपर्यंत राहिली नाही. १९६९ सालीच ती वारली, पन्नाशीही गाठली नव्हती. १९७६ साली मात्र खुद्द करणाऱ्याच्या हातात पडणारा पहिला भत्ता आला. आठवड्याचे निदान पस्तीस तास जो आजाऱ्याचे करतो आणि त्यापायी नोकरी करू शकत नाही, त्याला तो मिळे.

आता यातली गोम ऐका. हा भत्ता लग्न झालेल्या बायकांना नव्हता! नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईने सासूचे केले, स्वतःच्या आईचे केले, अपंग मुलाचे केले, तरी दमडी नाही. सरकारी म्हणणे असे, की या बायका एरवीही घरीच असायच्या. म्हणजे बिनलग्नाची बाई करते तेव्हा ते काम, आणि लग्न झालेली तेच करते तेव्हा तो तिचा स्वभाव! ज्या बायकांनी लढून भत्ता मिळवला त्यांचे कष्ट थोर, पण कायदा करणाऱ्यांनी त्यांच्याच लढ्याचा आधार घेऊन बाकीच्या लाखो जणींना दाराबाहेर ठेवले, हे लपवून चालणार नाही.

ते दार उघडायला दहा वर्षे लागली. मँचेस्टरकडे जॅकलिन ड्रेक नावाची विवाहित बाई होती. १९८४ साली तिची आई फार आजारी होऊन तिच्याकडे राहायला आली. जॅकलिनने नोकरी सोडली आणि भत्त्याचा अर्ज केला. लग्न झाले आहे म्हणून तो फेटाळला गेला. तिने दाद मागितली, आणि प्रकरण थेट युरोपच्या न्यायालयात, लक्झेंबर्गला गेले. सामाजिक विम्यात स्त्रीपुरुष असा भेद करू नये, असा युरोपीय समाजाचा १९७९ चा दंडक होता. २४ जून १९८६ रोजी निकाल बाईच्या बाजूने लागला. गंमत अशी, की आदल्याच दिवशी ब्रिटिश सरकारने पार्लमेंटात सांगून टाकले, की आम्ही हा भत्ता विवाहित स्त्रियांनाही देणार आहोत. हरणारा पहिलवान कुस्तीच्या आधीच लंगोट सोडतो, त्यातलाच प्रकार.

पैशाची बाजू ही झाली. पण दुखणेकऱ्यापाशी बसणाऱ्याला विचारा, तुला काय हवे, तर तो पुष्कळदा पैसे आधी मागत नाही. एक रात्र सलग झोप मागतो. बाजाराला जाऊन यायला दोन तास मागतो. भावाच्या मुलीच्या लग्नाला जायचे आहे, असे म्हणतो. ह्याची सोय कशी निघाली, ती गोष्ट मोठी मजेदार आहे. १९६४ पासून तिकडे टेलिव्हिजनवर 'क्रॉसरोड्स' नावाची एका मोटेलची मालिका चाले. टीकाकार तिची टर उडवीत, लोक मात्र रोज पाहत. मालिकेतल्या मालकिणीच्या मुलाला मोटारीचा अपघात होतो आणि तो चाकांच्या खुर्चीला जखडतो. ते पाहून अपंग प्रेक्षक नि त्यांचे घरचे सांगू लागले, की खऱ्या घरात ह्याच्यामागे काय काय करावे लागते ते तुम्ही दाखवीतच नाही. मालिका काढणाऱ्या कंपनीने हे बोलणे झटकून टाकले नाही. दहा हजार पौंड दिले, आणि १९७४ साली रग्बी या गावी एक योजना सुरू झाली. नाव मालिकेचेच ठेवले, क्रॉसरोड्स.

तिची रीत साधी होती. शिकवून तयार केलेली बाई किंवा बुवा घरी यायचा आणि घरचे माणूस जे जे करते ते ते सगळे करायचा. "हे माझे काम नव्हे, ते नर्सचे" असे म्हणायचे नाही. आणि यायचे ते कचेरीच्या वेळेला नव्हे, तर घरच्यांना गरज असेल तेव्हा. मग ती सकाळ असो, रात्र असो, रविवार असो. शक्य तोवर तेच ते माणूस पाठवायचे, म्हणजे दुखणेकऱ्यालाही परके वाटत नाही. आजाऱ्याला घरातून हलवायचे नाही, सुट्टी द्यायची ती करणाऱ्याला. रग्बीचे पाहून गावोगाव अशा शाखा निघाल्या. २०१२ साली ही संस्था दुसऱ्या एका संस्थेत मिळून 'केअरर्स ट्रस्ट' झाली.

तो 'केअरर' शब्द मध्यंतरी रुळला होता. १९८१ साली जुडिथ ऑलिव्हर या बाईंनी, ज्या स्वतः अपंग नवऱ्याचे करीत, कोणाचेही करणाऱ्या कोणाहीसाठी, मग तो पुरुष असो की स्त्री, एक संस्था काढली आणि नावातच तो शब्द घातला. १९८८ साली ती आणि मेरी वेब्स्टरची जुनी परिषद एक झाल्या. एकदा नाव मिळाले, की मोजदाद करता येते. १९८५ च्या सरकारी पाहणीत असे साठ लाख लोक भरले, आणि त्यांत पुरुषही थोडे नव्हते. २००१ च्या खानेसुमारीत हा प्रश्न पहिल्यांदा घरोघर विचारला गेला. मधल्या काळात, १९९५ साली, माल्कम विक्स या सभासदाने खासगी विधेयक आणून कायदा करून घेतला, की आजाऱ्याची गरज तपासायला सरकारी माणूस येईल, तेव्हा जो बराच काळ नियमाने त्याचे करतो, त्याने मागितले तर त्याचीही गरज वेगळी तपासली पाहिजे. दुखणेकरी एक आणि करणारा दुसरा, हे कायद्याच्या पुस्तकात असे वेगळे लिहिले गेले. नोकरदारांना २०२४ च्या एप्रिलपासून वर्षाला एक आठवड्याची रजा हक्काने मिळते, पण बिनपगारी. साठ वर्षांच्या खटपटीनंतर हे फार झाले असे मी म्हणणार नाही.

आपल्या देशात ह्या गोष्टीला कायद्याचा स्पर्श उशिरा झाला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी काम चालते, आणि त्याच न्यासाने अशा व्यक्तींना थोडे दिवस सांभाळून घरच्यांना मोकळीक देण्यासाठी 'समर्थ' नावाची योजना आखली. केरळ सरकारने अंथरुणाला खिळलेल्यांचे करणाऱ्या घरच्या माणसाला दरमहा मदत देण्यासाठी 'आश्वासकिरणम' योजना काढली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर काळजी घेणाऱ्याची व्याख्याच आहे: आईबाप आणि घरची माणसे त्यात येतात, मोबदला घेऊन करणारा आणि न घेता करणारा दोघेही येतात. ज्याला फार मोठ्या आधाराची गरज आहे अशा दिव्यांगाला, काळजी घेणाऱ्यासाठी म्हणून भत्ता देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. पण ती राज्याची ऐपत पाहून.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गातली एखादी मुलगी आठवड्यातून दोनदा गैरहजर राहते, तेव्हा कारण विचारून पाहा. पुष्कळदा घरी आजी असते आणि आई मजुरीला गेलेली असते. हजेरीपत्रकात त्यासाठी रकाना नसतो. ज्या घरात असे दिव्यांग मूल आहे, त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय न्यासाची जी स्थानिक समिती असते, तिच्याकडे एकदा अर्ज घेऊन जावे. पालकत्वाचे काम तिथे होते, आणि न्यासाकडे नोंदलेली संस्था आपल्या जिल्ह्यात कोणती, तेही तिथेच विचारून घ्यावे.