कुत्रा कोणाचा? जुन्नर-आंबेगावातून दोनशे वर्षांच्या कायद्याकडे बघताना

भटक्या कुत्र्यांवर सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये एकामागून एक आदेश दिले आणि आपल्या तालुक्यातल्या ग्रुपवरही दोन तट पडले. 11 ऑगस्टला सांगितलं गेलं, की दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा. 22 ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने ते बदललं. नसबंदी करून, लस टोचून कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडा. पिसाळलेला किंवा अंगावर जाणारा तेवढा सोडू नका. 7 नोव्हेंबरला पुन्हा नवीन आदेश आला, की शाळा, दवाखाने, एसटी आणि रेल्वे स्थानकं, क्रीडासंकुलं इथून उचललेली कुत्री परत तिथे सोडायची नाहीत.

एक तट म्हणतो मारून टाका, दुसरा म्हणतो मुक्या जिवावर दया करा. हे भांडण नवीन नाही, चांगलं दोनशे वर्षांचं जुनं आहे. आणि या सगळ्या काळात एक साधा प्रश्न बाजूला पडत आलाय, तो म्हणजे कुत्रा कोणाचा? बाकी कुठे चालून जात असेल, पण जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न बाजूला ठेवणं परवडत नाही. ते का, ते पुढे येईलच. आधी थोडं मागे जाऊ.

1832 सालची मुंबई. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा सरकारी नियम आधीपासून होता, त्या वर्षी त्याची मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम. आता आठ आणे मिळतात म्हटल्यावर मारणारा कशाला बघतोय कुत्रा रस्त्यावरचा की घरचा? लोकांच्या दारातली, घरातली कुत्रीही उचलली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान आहे, त्यांच्या अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडण्याचा विधी असतो. 6 जूनला कोटात पारशांच्या जमावाने शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, हिंदू, जैन व्यापारीही त्यात उतरले, कुलाब्याच्या फौजेची रसद अडवली गेली. शेवटी लष्कर बोलवावं लागलं. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचं पांजरापोळ उभं राहिलं. म्हणजे सरकारने मारायचं आणि दानशूरांनी सांभाळायचं, ही वाटणी तेव्हापासूनची. पाळणाऱ्याने काय करायचं, हे त्या वाटणीत कुठेच नव्हतं.

ते आलं 1860 च्या भारतीय दंड संहितेत. कलम 289 : आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये इतपत बंदोबस्त न करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिथे तेच कलम 291 झालं आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला. कलम चांगलं आहे. त्यात पिटबुल की गावठी, पट्टा आहे की नाही, काही विचारत नाहीत. सगळा डोलारा एकाच शब्दावर उभा आहे : ‘ताब्यातलं’.

आणि आपल्याकडं गाडी अडते ती नेमकी इथेच. वस्तीवरचा कुत्रा बघा. त्याला नाव असतं. सकाळी चतकोर भाकरी, रात्री उरलंसुरलं कालवण मिळतं. रात्री तो गोठ्यापाशी भुंकतो, अनोळखी माणसाला वस्तीत शिरू देत नाही. तोपर्यंत तो ‘आमचा’ असतो. तोच कुत्रा रस्त्याने शाळेत चाललेल्या पोराच्या पोटरीला चावला, की एका मिनिटात ‘इथंच फिरत असतो, आमचा कुठं’ होतो. राखणीला मालक आहे, चाव्याला मालक नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट सांगणारी, खंडोबाच्या कुत्र्याला हात जोडणारी माणसं आपण. धामणखेलला जत्रेत भंडारा उधळताना कुत्रा देवाचा असतो. घरी परत आल्यावर तो कुणाचा, ते विचारू नका.

1951 च्या मुंबई पोलीस अधिनियमात, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात, कलम 44 आहे. मोकाट कुत्री मारण्याची जाहीर सूचना काढण्याचा अधिकार त्यात आहे, आणि लोकांना तेवढंच आठवतं. पण त्याच कलमात दुसरीही तरतूद आहे : कोणी धरून नेत नसलेल्या कुत्र्याला रस्त्यावर मुसकी बांधलेली असली पाहिजे, असा आदेश काढता येतो. मुसकी कशी? चावता येऊ नये, पण श्वास घ्यायला आणि पाणी प्यायला अडचण होऊ नये, अशी. मळणीला बैलांना मुसक्या बांधणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागू नये. पण कुत्र्याला मुसकी बांधलेली मी तरी आपल्या बाजारपेठेत पाहिलेली नाही, नारायणगावात नाही आणि मंचरलाही नाही.

साठीच्या पुढच्या माणसांना विचारा, कुत्रा चावला म्हटलं की त्यांच्या पोटात आजही गोळा येतो. बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं! ती लस डेव्हिड सेंपल यांनी कसौलीला 1911 मध्ये तयार केली होती, मेंढीच्या मेंदूपासून बनायची. भारतात ती 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात इंजेक्शनं घेतात, जखम खोल असेल तर जखमेतच वेगळं औषध भरतात. त्रास कमी झाला, आणि त्याबरोबर भीतीही गेली. हे दुसरं काही चांगलं झालं नाही. रेबीज एकदा अंगात उठला की त्यावर आजही इलाज नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, मिरची, चुना भरत बसायचं नाही.

1960 मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्याच्याखाली 2001 मध्ये कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम झाले आणि मारण्याऐवजी नसबंदी-लसीकरण हे धोरण ठरलं. मार्च 2023 मध्ये ते नव्याने आले. रस्त्यावरच्या कुत्र्याची जबाबदारी स्थानिक संस्थेची, पाळीव कुत्र्याची लस, नसबंदी, परवाना ही जबाबदारी मालकाची. कागदावर स्वच्छ. पण या कामासाठी मान्यताप्राप्त संस्था लागते, शस्त्रक्रियेची जागा लागते, पिंजरे लागतात, डॉक्टर लागतो. पुणे महापालिकेला हे जमवता येतं. दीड हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीने कुठून आणायचं?

आणि याच 1960 च्या कायद्यात जनावर उपाशी मरेल अशा तऱ्हेने सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड माहितेय किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज दोन जणांचा नीट चहा-नाष्टा होत नाही. कुत्री व्याली की नर पिल्लं वाटली जातात आणि माद्या पोत्यात घालून रात्री दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडल्या जातात, हे आपल्याकडं कुणाला माहीत नाही? तीच मादी पुढे वर्षाला दोनदा विते. मग आपण म्हणतो, कुत्री वाढली.

आता, हे आपल्याकडं का परवडत नाही, ते. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. (डिंभ्याच्या पाण्याखाली मूळ आंबेगावच गेलं, तालुक्याला नाव तेवढं उरलं.) कालवे आले, ऊस आला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे कारखाने आले. उसाबरोबर बिबट्याला बारमाही लपण मिळालं, आणि वस्त्यांवर तयार खाद्य. आपल्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून तो खातो काय याचा अभ्यास केला. वजनाच्या हिशोबाने त्याच्या खाण्यात 87 टक्के पाळीव आणि गावातली जनावरं, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, 39 टक्के. शेळ्यांपेक्षा कितीतरी जास्त.

म्हणजे रात्री मोकळा सोडलेला कुत्रा आपली राखण करतो असं आपण समजतो, पण तो बिबट्याला अंगणापर्यंतची वाटही दाखवतो. कुत्र्यामागे आलेला बिबट्या ओट्यावर येतो, आणि ओट्यावर कधी लहान मूल असतं. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला बिबटे कुत्री खातात म्हणून कुत्राचाव्याचं प्रमाण कमी राहतं, असा एक अभ्यास 2018 मध्ये आला होता. शहरात बसून वाचायला बरं वाटतं. उसाच्या कडेला घर असणाऱ्याला त्यातून काय दिलासा मिळणार?

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्या शेजारी, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात वीसेक दिवसांत तीन जीव गेले. लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्यानंतर तिथल्या माणसांनी शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातल्याचे फोटो देशभर गेले. असा पट्टा राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात घालायची चाल जुनी, बिबट्या आणि लांडगा नरडं धरतो म्हणून. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा माणसाच्या गळ्यात आला, ते फोटो बघून मला तरी रात्री नीट झोप लागली नाही.

मग कुत्री सगळी उचला, असं म्हणणारे भेटतात. त्यांना माझा उलट प्रश्न आहे. 39 टक्के खाद्य एका महिन्यात काढून घेतलं तर बिबट्या उपाशी बसणार आहे का? तो गोठ्यात येईल. 2001 ते 2003 मध्ये आपण घाईचा उपाय करून पाहिला आहे. बिबटे पकडून माळशेज, भीमाशंकरकडे सोडले, आणि माणसांवरचे हल्ले उलट वाढले. माणिकडोहचं निवारण केंद्र त्या दिवसांची आठवण आहे. कुत्री कमी व्हायलाच हवीत, पण पिल्लं कमी होऊन, हळूहळू. ती कमी होतील ती मालकाच्या दारातून. कोंबड्यांच्या शेडमधल्या मेलेल्या कोंबड्या आणि चिकनच्या दुकानातली घाण ओढ्यात टाकणं थांबलं तर आणखी.

मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल, रॉटवायलर अशा 23 जातींवर बंदीचं पत्र काढलं होतं, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केलं. ब्रिटनने 1991 मध्ये असाच जातींवर बोट ठेवणारा कायदा केला होता. मला न्यूझीलंडची पद्धत जास्त पटते. तिथे 1996 चा श्वान नियंत्रण कायदा आहे. चावलेला किंवा हल्ला केलेला ‘धोकादायक’, आणि अंगावर येण्याची भीती असलेला, असे दोन वेगळे वर्ग. दुसऱ्या वर्गातल्या कुत्र्यालाही बाहेर मुसकी सक्तीची. पण त्याच्या आधीची पायरी महत्त्वाची. तीन महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याची स्थानिक संस्थेकडे नोंदणी. मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याला चिप बसवण्यातून सूट आहे, नोंदणीतून नाही. तिथल्या मेंढपाळाला जमतं, तर आपल्या बागायतदाराला का नाही?

‘गरीब धनगर-ठाकरांवर आणखी एक कागद लादू नका,’ असं एका मित्राचं म्हणणं आहे. बरोबर आहे, फी नकोच. एक वही पुरे : घर, कुत्रा नर की मादी, लस कधी टोचली. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या लसीकरणाच्या दिवशीच ती भरता येईल. नोंद असलेल्याला नसबंदीत पहिला नंबर द्यावा. रात्री कुत्रा जाळी मारलेल्या खुराड्यात ठेवायचा, मोकळा नाही आणि उघड्यावर साखळीलाही नाही, कारण साखळीचा कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. आणि वहीत नाव असलं, की कलम 291 मधल्या ‘ताब्यातलं’ या शब्दाला पहिल्यांदा अर्थ येईल.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा असा लेखी अर्ज मी आमच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे दिला आहे, पोच घेतली आहे. तुमच्या गावात अशी वही आधीच सुरू असेल तर खाली गावाचं नाव आणि त्यात कोणते रकाने आहेत ते लिहा, नमुना म्हणून वापरता येईल.