गिरणगावाचे साहित्यातील चित्रण

मुंबईतील लालबाग, परळ, वरळी, शिवडी, भायखळा आणि आसपासच्या परिसरातील कापडगिरणी कामगारांच्या वस्तीला गिरणगाव म्हणतात. मराठी कविता, कथा, कादंबरी, नाटक आणि मौखिक इतिहास यांतून झालेले या वस्तीचे चित्रण हा शहरी समाजाच्या अभ्यासातील एक महत्त्वाचा विषय आहे. महाविद्यालयीन अध्यापनात तो साहित्य, इतिहास आणि समाजशास्त्र या तिन्ही विषयांना जोडतो.

पार्श्वभूमी

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. पुढे कोकणातून व घाटावरून आलेले कामगार गिरण्यांभोवतीच्या चाळींत राहू लागले. अनेकांची कुटुंबे गावीच असल्याने एका खोलीत बरेच पुरुष पाळ्यांप्रमाणे राहत आणि स्त्रियांनी चालविलेल्या खाणावळींत जेवत. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर बहुतेक गिरण्या बंद पडल्या व त्यांच्या जागी मॉल, कार्यालये आणि उंच इमारती उभ्या राहिल्या.

प्रमुख साहित्यकृती

मामा वरेरकर यांची 'धावता धोटा' ही गिरणी कामगारांच्या जीवनावरील आरंभीची कादंबरी होय. स्वतः गिरणीत काम केलेले अण्णा भाऊ साठे यांनी लोकनाट्य व पोवाडा यांतून कामगारांची मुंबई उभी केली. गिरणी कामगाराच्या घरी वाढलेल्या नारायण सुर्वे यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांत कामगार स्वतःच बोलतो. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका' (१९६५) मध्ये मुंबईतील नाक्यावरच्या तरुणांचे बोलीभाषेतील दर्शन घडते. त्यावर अश्लीलतेचा आरोप झाला. जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक संपानंतर कोसळलेल्या एका कामगार कुटुंबाचे आहे. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी मुलाखतींवर आधारलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला.

चित्रणाविषयीचे प्रश्न

पहिला प्रश्न कथन कोणाचे, हा आहे. बाहेरून पाहणाऱ्या लेखकाला वस्ती प्रामुख्याने दैन्याचे स्थान म्हणून दिसू शकते. आतल्या लेखकाला तीच वस्ती भजनी मंडळे, व्यायामशाळा, गणेशोत्सव आणि संघटना यांनी बांधलेली दिसते. दुसरा प्रश्न 'कामगार' या एका शब्दाखाली काय झाकले जाते, हा आहे. धोट्यातील दोरा तोंडाने ओढावा लागत असल्याने विटाळाच्या सबबीवर दलित कामगारांना विणकाम खात्यातून दूर ठेवले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. कांड्या भरण्याच्या व रिळांच्या खात्यांत काम करणाऱ्या स्त्रियाही साहित्यात पुरुष कामगाराच्या मानाने क्वचितच केंद्रस्थानी येतात. १९८२ नंतरच्या चित्रणात हळहळ आणि गुन्हेगारी या दोन प्रतिमा प्रबळ झाल्याने सर्वसामान्य कुटुंबांची तग धरण्याची धडपड मागे पडते.

अध्यापन

आजच्या विद्यार्थ्याने चालू गिरणी पाहिलेली नसते. त्यामुळे साहित्यकृती हीच त्याच्यासाठी वस्तुस्थिती बनण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी एखादी कथा किंवा नाटक कामगारांच्या निवेदनांशेजारी ठेवून वाचणे, परिसराचे जुने व नवे नकाशे ताडून पाहणे आणि प्रत्यक्ष पायी फिरणे या पद्धती उपयुक्त ठरतात. कोणती पात्रे बोलतात इतकेच न पाहता कोणाला बोलूच दिलेले नाही, हेही विचारावे लागते.

हा समाज केवळ भूतकाळातील नाही. माजी कामगार व त्यांचे वारस गिरण्यांच्या जमिनीवरील घरांसाठी दीर्घकाळ लढत आले असून म्हाडाच्या सोडतींतून त्यांपैकी काहींनाच घरे मिळाली आहेत. गिरणगाव संपले, असे गृहीत धरणारे चित्रण या मागणीलाही नकळत अदृश्य करते.