तीन पाडवे

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला आला. देशभरच्या टाळेबंदीचा तो पहिला दिवस. शहरात आम्ही हा तारखांचा योगायोग म्हणून सोडून दिला. तमाशातल्या वादकांचं वर्षच त्या दिवसावर तोललेलं असतं, हे मला नंतर नारायणगावात कळलं.

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या गावात पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची यात्रा कमिटीची माणसं येऊन सुपारी देतात. दसऱ्याला निघालेला फड तोवर तंबू ठोकून तिकिटावर खेळ करत असतो. खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या जत्रांची. आणि तिच्यावर पैसे आधीच घेतलेले असतात. ढोलकीवाला, हलगीवाला फडमालकाकडून उचल घेतात, फडमालक सावकाराकडून.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ चा, मुंबईच्या प्लेगमधला. त्या प्लेगचे कागद मी बरेच चाळलेत. मेलेले मोजलेत, वाजंत्री कुणी मोजला नाही. म्हणून या वेळी वह्या बघायच्या ठरवल्या.

एका ढोलकीवाल्यानं त्याची वही दाखवली. डावीकडे उचल, उजवीकडे फेड. पाडव्यापासून उजवी बाजू कोरी. ढोलकी पोत्यात गुंडाळून तो दुसऱ्याच्या रानात कांदे काढायला जात होता.

"बोटं जाड झाली बघा. बोल निघत न्हाई."

उचलीचा जाच होत असेल, असं मी म्हणालो. तो हसला.

"उचल हाय म्हणून तर फडाचा माणूस हाय मी. न्हाईतर मजूरच की."

हे उत्तर माझ्या कुठल्याच टिपणात बसेना.

५ नोव्हेंबर २०२० पासून नाट्यगृहं निम्म्या आसनांवर उघडली. खुर्च्या मोजून निम्म्या करता येतात. जत्रेचं मैदान कसं निम्मं करणार? पुढचा पाडवा १३ एप्रिल २०२१ ला होता. त्याच संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून संचारबंदी जाहीर केली. दुसरा हंगामही गेला. आता उचलही कुणी देईना, कारण फडमालकालाच सावकार दारात उभं करत नव्हता.

२०२२ च्या पाडव्याच्या तोंडावर निर्बंध उठले. मी पुन्हा गेलो तेव्हा तो ढोलकीची नवी पुडी ओढून घेत होता. वही त्यानं न मागता पुढे केली. नव्या पानावर पहिल्या ओळीत जुनी बाकी ओढलेली होती, तिच्याखाली नवी उचल.