साच्यातील लुप्त सृष्टी

शाडूच्या गोळ्यावर शिंपला दाबून उमटलेल्या खळग्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतावयाचे आणि ते घट्ट झाल्यावर हाती आलेला ‘जीवाश्म’ अभिमानाने वर्गात मिरवावयाचा, हा बालकांचा उद्योग पुष्कळांस केवळ मनोरंजन वाटतो. वास्तविक निसर्गाची एक रीतही हीच आहे. चिखलात रुतलेला शिंपला कालांतराने विरघळून जातो आणि त्याच्या मागे राहिलेली पोकळी खनिजांनी भरून येऊन त्याची प्रतिकृती पाषाणात शिल्लक राहते. मनुष्याने ही रीत लोकशिक्षणाच्या कामी कशी लावली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

सन १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी लंडनमध्ये उभारलेला काचमहाल पुढे सिडनहॅम येथे हलविण्यात आला, तेव्हा तेथील उद्यानात लुप्त प्राण्यांच्या पूर्णाकृती प्रतिमा उभारण्याची कामगिरी बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराकडे सोपविण्यात आली. रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने तो आधी लहान नमुना घडवी, त्यावरून मातीची पूर्णाकृती मूर्ती आणि मूर्तीवरून साचा तयार करी. एकट्या इग्वानोडॉन या डायनोसॉरच्या प्रतिमेस ६०० विटा, ९०० साधी कौले आणि ३८ पिंपे सिमेंट लागल्याचा तपशील त्यानेच नमूद करून ठेविला आहे. १० जून १८५४ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते महालाचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी हॉकिन्सने भूगर्भशास्त्र डोळ्यांच्या द्वारे शिकवावे, असे जाहीर व्याख्यानात प्रतिपादन केले आणि या प्रतिमांच्या छोट्या आवृत्त्या शिक्षणोपयोगी जिन्नस म्हणून विक्रीसही आल्या.

त्या इग्वानोडॉनच्या नाकावर एक शिंग बसविलेले होते. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधील बेर्निसार येथील कोळशाच्या खाणीत त्या प्राण्याचे अनेक सांगाडे सापडले, तेव्हा ते शिंग वस्तुतः अंगठ्याचे अणकुचीदार हाड असल्याचे निश्चित झाले.

दरम्यान १८६८ मध्ये फिलाडेल्फिया येथे जीवाश्मशास्त्रज्ञ जोसेफ लायडी यांच्या साहाय्याने हॉकिन्सने हॅड्रोसॉरसचा सांगाडा उभा केला. डायनोसॉरचा सांगाडा प्रेक्षकांसमोर उभा राहण्याचा तो जगातील पहिला प्रसंग होय. कवटी मुळात सापडलीच नव्हती, म्हणून ती अनुमानाने घडवावी लागली. पुढे १९०५ मध्ये उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी डिप्लोडोकस या डायनोसॉरच्या सांगाड्याची प्लास्टरची प्रतिकृती लंडनच्या संग्रहालयास नजर केली आणि नंतर बर्लिन, पॅरिस, व्हिएन्ना आदी नगरांसही तशाच प्रती मिळाल्या. जो ठेवा एरव्ही एकाच शहराच्या वाट्यास आला असता, तो साच्याच्या योगाने अनेक राष्ट्रांच्या मुलांस पाहावयास मिळाला.

आपल्या मुलांस तर हा विषय परका नाहीच. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळील पिसदुरा येथे डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा सापडते. तिच्या सूक्ष्म परीक्षणात गवताचे अवशेष आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि गवताच्या प्राचीनतेविषयीची पूर्वीची समजूत बदलावी लागली.

इग्वानोडॉनचे चुकलेले शिंग आणि हॅड्रोसॉरसची अनुमानाची कवटी ध्यानात ठेवून मुलांच्या हाती माती देणाऱ्या शिक्षकाने एक नियम पाळावा, असे मला कळकळीने वाटते: जो भाग अस्सल अवशेषावरून घेतला त्यास एक रंग आणि जो अनुमानाने पुरा केला त्यास दुसरा रंग द्यावयास मुलांना शिकवावे. पुरावा आणि तर्क यांतील सीमारेषा ज्या बालकाने स्वहस्ते रेखाटली, त्यास शास्त्राचे मर्म लहान वयातच गवसले, असे निःशंक म्हणावे.