मेंदूवरील विद्युत्-उपचार, मेंदूप्रतिमा आणि संमतीचा प्रश्न : उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या नगरांत 'ठाण्याला पाठवणे' या शब्दप्रयोगाला एक विशेष अर्थ आहे. ठाणे हे जिल्ह्याचे ठिकाण, कामधंद्याचे ठिकाण. परंतु घरातील एखादी व्यक्ती विचित्र वागू लागली, की 'ठाण्याला न्यावे लागेल' या वाक्यातील ठाणे म्हणजे केवळ तेथील मनोरुग्णालय होय. या वाक्याला जोडूनच दुसरा शब्द येतो, तो म्हणजे 'शॉक'. एक शब्द संस्थेविषयीचे भय व्यक्त करतो, तर दुसरा तंत्राविषयीचे. ही दोन्ही भये निराधार नाहीत. त्यांना इतिहास आहे.

मानसोपचारातील मेंदू-उद्दीपन आणि मेंदूप्रतिमा या विषयांवरील लेखन बहुधा वैद्यकशास्त्राच्या प्रगतीच्या अंगाने केले जाते. प्रस्तुत लेखात त्याच घडामोडींकडे संमतीच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. रुग्णाच्या मेंदूवर प्रयोग, उपचार वा तपासणी करण्याचा अधिकार कोणी दिला, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्यासाठी कायदे, न्यायनिर्णय आणि वैद्यकीय इतिहासातील नोंदी यांचा आधार घेतला आहे.

मुंबई इलाख्यातील व्यवस्था आणि विस्थापितांचे नगर

ब्रिटिश अमदानीत १८५८ च्या कायद्यांनी 'वेड्यांच्या इस्पितळां'ना विधिवत रूप मिळाले. मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, धारवाड, अहमदाबाद, रत्नागिरी आणि सिंधमधील हैदराबाद येथे अशी इस्पितळे होती. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ मध्ये सुरू झाले. पुढे १९१२ चा भारतीय वेडेपणाविषयक कायदा आला. या कायद्यात स्वेच्छेने दाखल होण्याची मर्यादित तरतूद होती. तथापि सर्वसाधारण मार्ग दंडाधिकाऱ्याच्या आदेशाचाच होता. एकदा दाखल झालेल्या व्यक्तीस कोणते उपचार द्यावेत, याबाबत तिचे मत विचारण्याची कल्पना त्या कायद्यात नव्हती. १९२० च्या दशकात 'असायलम' हा शब्द मागे पडून 'मेंटल हॉस्पिटल' हे नाव रूढ झाले. परंतु भिंती, कुलपे आणि दाखल करण्याची पद्धत यांत फारसा बदल झाला नाही.

या व्यवस्थेचा आणि उल्हासनगरचा एक अलक्षित संबंध येथे नोंदविणे आवश्यक वाटते. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता आणि सिंधमधील हैदराबाद येथे सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून मनोरुग्णालय उभे राहिले होते. १९४७ च्या फाळणीनंतर कल्याणजवळील दुसऱ्या महायुद्धकालीन लष्करी छावण्यांत सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीस 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. घर, शेजार, भाषेचा प्रदेश आणि पुष्कळदा आप्तजन गमावलेल्या लोकांच्या गावाला उल्हासाचे नाव दिले गेले.

१९५० मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी मनोरुग्णांचीही देवाणघेवाण केली. सआदत हसन मंटो यांच्या 'टोबा टेक सिंग' या कथेमुळे ती घटना साहित्यात अमर झाली. मात्र मनोरुग्णालयाबाहेर, छावणीच्या बराकीत राहणाऱ्या निर्वासितांच्या मनावर काय परिणाम झाला, याविषयी त्या काळातील भारतीय मानसोपचारशास्त्र जवळजवळ मौन राहिले. संजीव जैन आणि आलोक सरीन यांनी संपादित केलेल्या फाळणीच्या मानसिक परिणामांवरील ग्रंथात या मौनाची सविस्तर चर्चा आहे. तो ग्रंथ प्रसिद्ध होण्यास २०१८ साल उजाडले. म्हणजेच ज्या दशकात मेंदूवर विजेचे उपचार करण्याचे तंत्र भारतात रुजत होते, त्याच दशकात येथील मनाच्या सर्वांत मोठ्या सामूहिक आघाताची नोंद घेतली जात नव्हती.

विद्युत्-उपचारांचे आगमन

१९३४ मध्ये बुडापेस्ट येथे लाडिस्लास मेडुना यांनी औषधाद्वारे आकडी आणून मनोविकारावर उपचार करण्याचा प्रयोग केला. एप्रिल १९३८ मध्ये रोम येथे उगो चेर्लेत्ती आणि लुचिओ बिनी यांनी याच हेतूने विजेचा वापर केला. हीच ईसीटी किंवा बोलीभाषेतील 'शॉक' पद्धती होय. तीव्र नैराश्य, अन्नपाणी सोडलेली स्तब्धावस्था अशा विकारांत तिचा गुण लवकर दिसे. भारतात ही पद्धती १९४० च्या दशकाच्या प्रारंभी आली. याच काळात, १९४४ मध्ये, गोविंदस्वामी आणि बाळकृष्ण राव यांनी बंगळूर येथील रुग्णांवरील मेंदूच्या पुढील भागाच्या शस्त्रक्रियांचा वृत्तांत 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. भारतीय मानसोपचार जगाच्या मागे नव्हता, हे यावरून दिसून येते.

परंतु साधनांचे चित्र वेगळे होते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार ब्रिटिश भारतातील मनोरुग्णालयांत सुमारे १०,००० खाटा होत्या, म्हणजे साधारणतः ४०,००० लोकसंख्येमागे एक खाट. अशा गर्दीच्या संस्थांमध्ये स्वस्त, जलद आणि थोड्या मनुष्यबळात देता येणारा उपचार झपाट्याने पसरणे स्वाभाविक होते. भूल न देता आणि स्नायू शिथिल करणारे औषध न वापरता दिलेल्या विद्युत्-उपचारात शरीराला जोराचे झटके येतात. मणक्यांचे अस्थिभंग होणे, जबडा निखळणे असे अपाय त्यातून होतात. हे अपाय टाळण्यासाठी १९४० मध्ये कुरारे आणि १९५० च्या दशकाच्या प्रारंभी सक्सिनिलकोलिन यांचा वापर सुरू झाला. तथापि भूलतज्ज्ञ नाही, प्राणवायूची सोय नाही, या कारणांनी भारतातील अनेक ठिकाणी जुनी पद्धत पुढे अर्धशतक चालू राहिली.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. लोकमानसातील भय उपचाराविषयीचे आहे. परंतु त्या भयाचे मूळ प्रामुख्याने उपचार देण्याच्या रीतीत आहे. भूल देऊन, योग्य निवड करून आणि संमती घेऊन दिलेला विद्युत्-उपचार आजही गंभीर नैराश्यावरील परिणामकारक उपचारांपैकी एक मानला जातो. काही काळाचा स्मृतिलोप हा त्याचा सर्वपरिचित दुष्परिणाम असून तो रुग्णाला आधी सांगणे वैद्यकाचे कर्तव्य आहे. बांधून, जागेपणी, न विचारता दिलेला शॉक आणि हा उपचार यांना एकच नाव असणे, हे या तंत्राचे दुर्दैव म्हणावे लागेल.

कायद्याचा प्रवास

१९८७ चा मानसिक आरोग्य कायदा एप्रिल १९९३ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ८१ ने मनोरुग्णाशी क्रूर वर्तन करण्यास मनाई केली. रुग्णाचा संशोधनासाठी वापर करावयाचा असल्यास त्यात त्याचा प्रत्यक्ष लाभ असावा अथवा लेखी संमती असावी, अशी अटही घातली. ही तरतूद महत्त्वाची होती. परंतु रोजच्या उपचारातील संमतीचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी 'सार्थक' या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि भूल न देता केल्या जाणाऱ्या विद्युत्-उपचारावर बंदीची मागणी केली. महाराष्ट्रात भार्गवी दावर यांनी स्थापन केलेल्या पुण्यातील 'बापू ट्रस्ट' या संस्थेने हा विषय लावून धरला. मुंबईहून प्रसिद्ध होणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये २००३ मध्ये यावर वाद झडला. जेथे भूल देण्याची सोयच नाही तेथे गंभीर रुग्णाला हा उपचार पूर्णपणे नाकारणे नैतिक ठरेल काय, असा प्रश्न डॉ. चित्तरंजन अंद्रादे यांनी उपस्थित केला. हा युक्तिवाद सहज फेटाळण्यासारखा नव्हता. मात्र त्यात एक गृहीत दडलेले होते: साधनांची उणीव शासनाची, पण तिची किंमत रुग्णाच्या शरीराने द्यावयाची.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलात आला आणि त्याने या वादाचा विधिक निकाल लावला. कलम ९५ नुसार भूल व स्नायू-शिथिलक यांविना विद्युत्-उपचार करण्यास मनाई आहे. अल्पवयीन रुग्णाच्या बाबतीत पालकाची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी अनिवार्य आहे. कलम ९४ मधील तातडीच्या उपचारांत विद्युत्-उपचाराचा समावेश करता येत नाही. कलम ९६ नुसार मनोविकारावरील मेंदू-शस्त्रक्रियेसाठी रुग्णाची संमती आणि मंडळाची मान्यता दोन्ही लागतात, तर कलम ९९ संशोधनातील संमतीविषयी आहे. २०२३ मध्ये मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी नैराश्यावर खोल मेंदू-उद्दीपनाची शस्त्रक्रिया केली, तेव्हा याच तरतुदींनुसार मंडळाची परवानगी घेण्यात आली होती.

मेंदूचे चित्र आणि मेंदूचा पुरावा

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये मानवी मेंदूच्या विद्युत्-लहरींचा आलेख प्रसिद्ध केला. १९७६ मध्ये ईव्ह जॉनस्टोन, टिमथी क्रो आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनच्या साहाय्याने दीर्घकालीन स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत मेंदूतील पोकळ्या मोठ्या असल्याचे दाखविले. पुढे एमआरआय, पेट आणि १९९० च्या दशकात कार्यदर्शी एमआरआय आले. देशातील पहिले पेट यंत्र २००२ मध्ये मुंबईतील परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसविण्यात आले. १९८५ मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी कवटीबाहेरून चुंबकीय उद्दीपन करून दाखविले आणि २००८ मध्ये अमेरिकेत नैराश्यावरील उपचार म्हणून त्यास मान्यता मिळाली. येथे आकडीही येत नाही आणि भूलही लागत नाही.

या संशोधनाचे महत्त्व निर्विवाद आहे. पण त्याची मर्यादाही तितकीच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे निष्कर्ष रुग्णांच्या समूहाची निरोगी समूहाशी तुलना करून काढलेले सरासरीचे निष्कर्ष आहेत. एका व्यक्तीच्या एमआरआयवरून तिला स्किझोफ्रेनिया किंवा नैराश्य आहे, असे निदान आजही करता येत नाही. गाठ, रक्तस्राव, संसर्ग अशी कारणे वगळण्यासाठी ही तपासणी उपयुक्त असते. 'रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे हा नाटक करतो आहे' हा निष्कर्ष म्हणूनच शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आणि रुग्णाच्या दृष्टीने घातक आहे.

मेंदूच्या आलेखावर अतिविश्वास ठेवल्याने काय घडू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. मेंदूच्या विद्युत्-लहरींवरून व्यक्तीला गुन्ह्याचा प्रत्यक्ष अनुभव आहे की नाही हे ओळखण्याचा दावा करणारी 'बीईओएस' चाचणी डॉ. चंपाडी रामन मुकुंदन यांनी विकसित केली होती. जून २००८ मध्ये पुण्यातील सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषसिद्धी देताना या चाचणीचा आधार घेतला आणि हा निकाल जगभर चर्चेचा विषय ठरला. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदू-आलेख चाचण्या व्यक्तीच्या संमतीविना करणे हे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) व २१ चे उल्लंघन ठरविले. आरोपीच्या मेंदूला २०१० मध्ये मिळालेले हे संरक्षण विद्युत्-उपचाराच्या बाबतीत रुग्णाच्या मेंदूला स्पष्ट शब्दांत मिळण्यास २०१७ चा कायदा यावा लागला, हा क्रम विचार करण्याजोगा आहे.

स्थानिक संदर्भ

कायद्यातील संमती प्रत्यक्षात उतरण्यासाठी तीन गोष्टी लागतात: जवळची सेवा, समजणारी भाषा आणि परतीची वाट. बदलापूरहून ठाणे लोहमार्गाने सुमारे ३५ किलोमीटर आहे. आजारी माणसाला आणि सोबत कामावर खाडा करणाऱ्या नातेवाइकाला गर्दीच्या लोकलमधून तेथवर वारंवार जावे लागते, तेव्हा उपचार मध्येच सुटतात आणि रुग्ण अखेर अत्यवस्थेतच दाखल होतो. अशा वेळी विचार करून संमती देण्यास अवसरच उरत नाही. चुंबकीय उद्दीपनासारख्या उपचारांसाठी तर काही आठवडे जवळजवळ रोज यावे लागते; म्हणजे अंतर हाच येथे निवडीचा निकष ठरतो.

दुसरा मुद्दा भाषेचा. उल्हासनगरातील जुन्या पिढीतील अनेकांची वाचनाची लिपी अरबी-सिंधी आहे; बदलापूर परिसरातील कातकरी व ठाकर समाजातील अनेकांना छापील मराठी संमतिपत्र परकेच वाटते. वाचता न येणाऱ्या कागदावरील अंगठा ही संमती नव्हे.

तिसरा मुद्दा परतीचा. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेमुळे राज्यातील मनोरुग्णालयांत दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या रुग्णांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. त्याच्या मुळाशी ठाण्याच्या रुग्णालयात दीर्घकाळ राहिलेल्या एका स्त्रीची कहाणी होती. जेथून परत येता येईल याची खात्री नाही, तेथे जाण्यास कोणी मनापासून संमती देत नाही. 'ठाण्याला पाठवणे' या शब्दप्रयोगातील भयाचे हेच खरे मूळ आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, रोममधील १९३८ च्या प्रयोगापासून आजच्या चुंबकीय उद्दीपनापर्यंत तंत्रे बदलत गेली. पण रुग्णाला विचारण्याची रीत तंत्राच्या फार मागून आली. तंत्र आधी, भूल नंतर आणि संमती सर्वांत शेवटी, असा हा क्रम आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा इतिहास दूरचा नाही. स्किझोफ्रेनिया व द्विध्रुवी विकार यांची पहिली लक्षणे पुष्कळदा पौगंडावस्थेच्या अखेरीस व विशीच्या आसपास, म्हणजे नेमक्या आपल्या वर्गातील वयात दिसू लागतात. अचानक गैरहजर राहू लागलेला, वहीत असंबद्ध लिहिणारा विद्यार्थी प्रथम शिक्षकाच्या नजरेस पडतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आपल्याला ठाऊक असणे, स्कॅनमध्ये आजार 'दिसला' नाही तरी तो खरा असू शकतो हे पालकांना समजावून सांगणे, आणि त्या विद्यार्थ्याशी बोलताना त्याच्याविषयी नव्हे तर त्याच्याशी बोलणे, एवढे आपल्या हाती आहे. संमतीचा आरंभ रुग्णालयातील कागदावर होत नाही. तो कोणीतरी प्रथम विचारलेल्या साध्या प्रश्नापासून होतो.